भाकितांचा हिशेब



वक्त्याने आपल्या अभ्यासाचा विषय घ्यावा आणि तो विषय ज्यांचा नाही त्यांच्याही कामी येईल असा मांडावा, ही या स्मृतिव्याख्यानाची रीत आहे. ती पाळून आज मी एक लांबचा विषय आपल्यापुढे ठेवतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलचे संघ दरवर्षी एप्रिलअखेर महाविद्यालयीन खेळाडूंमधून आपली माणसे निवडतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. कोणता संघ कोणाला घेणार याची भाकिते महिनोन् महिने आधी सुरू होतात. ती छापली जातात, दूरचित्रवाणीवर तासन् तास चर्चिली जातात आणि आता त्यांच्यावर पैजाही लागतात. न्यू जर्सीत, शिकागोत, डल्लसमध्ये वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना हा हंगाम चांगला ठाऊक आहे. इथे बसलेल्या बहुतेकांना तो नवा असेल. तरीही मी हा विषय निवडला, कारण भाकीत कसे करावे, ते कसे तपासावे आणि ज्याच्याविषयी ते केले त्या माणसाकडे कसे पाहावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे इथे जितकी स्वच्छ मिळतात तितकी क्वचितच कुठे मिळतात.

आधी रचना समजून घेऊ. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये 32 संघ आहेत. ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत खाली राहिला त्याची पाळी पहिली आणि विजेत्याची शेवटची. पाळ्यांची अदलाबदल करता येते, म्हणजे एखादा संघ पुढची पाळी मिळवण्यासाठी आपल्या दोन-तीन मागच्या पाळ्या देऊन टाकतो. ज्या संघाने नाव पुकारले त्याच्याशीच खेळाडूने करार करायचा. आपल्या आयपीएलमध्ये लिलाव असतो, ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसते, फक्त क्रम असतो. त्यामुळे इथे खरी कसोटी पैशाची नसून पारखण्याची असते.

ही पद्धत निर्माण झाली ती दुबळ्यांच्या गरजेतून. 1930 च्या दशकात न्यूयॉर्क, शिकागो, ग्रीन बे अशा मोजक्या संघांकडे चांगले खेळाडू ओढले जात. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांचा संघ मागेच राहत असे. स्टॅन कॉस्टका नावाच्या एका खेळाडूसाठी चढाओढ झाली आणि तो हातचा गेला, तेव्हा बेल यांनी 1935 मध्ये इतर मालकांपुढे प्रस्ताव ठेवला की, निवडीचा पहिला हक्क सर्वांत दुबळ्या संघाला द्यावा. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच असते, हा त्यांचा मुद्दा बलाढ्य संघांच्या मालकांनाही पटला. 8 फेब्रुवारी 1936 रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. फळ्यावर 90 नावे लिहिली होती. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत 81 जण निवडले. पहिले नाव पुकारले गेले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर यांचे. सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू म्हणून त्यांना नुकताच पुरस्कार मिळाला होता. ते व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळले नाहीत. पैशाचे जमले नाही आणि त्यांनी दुसरा व्यवसाय धरला. म्हणजे ड्राफ्टच्या इतिहासातली अगदी पहिली निवडच अपेक्षेप्रमाणे उतरली नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ड्राफ्टविषयी बोलताना दोन वेगळी भाकिते एकत्र मिसळली जातात. पहिले, हा संघ कोणाला निवडेल? दुसरे, निवडलेला खेळाडू कसा निघेल? पहिल्याचे उत्तर त्याच रात्री मिळते. दुसऱ्याला चार-पाच वर्षे लागतात. पहिले भाकीत निवडणाऱ्याच्या मनाविषयी असते, दुसरे एका तरुणाच्या पुढच्या आयुष्याविषयी. पहिल्यासाठी संघाच्या सवयी ओळखाव्या लागतात, दुसऱ्यासाठी माणूस. जो एकात पारंगत आहे तो दुसऱ्यातही असेल, असे समजण्याचे कारण नाही.

पहिल्या प्रकारासाठी एकच संघ नीट पाहू. विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचे लाखभर वस्तीचे शहर आहे. तिथला पॅकर्स हा संघ 1919 पासून आहे आणि तो कुणा धनिकाच्या मालकीचा नसून सामान्य भागधारकांच्या मालकीचा आहे. या संघाने 2002 साली पहिल्या फेरीत जावॉन वॉकर हा रिसीव्हर घेतला. रिसीव्हर म्हणजे धावत पुढे जाऊन लांबचा पास झेलणारा खेळाडू. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक वसंतात कोणी ना कोणी जाणकार लिहीत असे की, यंदा पॅकर्स पहिल्या फेरीत रिसीव्हर घेणार. तर्क सरळ होता: संघाची मदार पासवर, तेव्हा पास झेलणारा उत्तम माणूस हवा. पण ते दरवर्षी चुकत गेले. कारण पॅकर्सना रिसीव्हर नको होते असे नाही, ते त्यांना पहिल्या फेरीच्या किमतीत नको होते. 2006 मध्ये ग्रेग जेनिंग्ज, 2008 मध्ये जॉर्डी नेल्सन, 2011 मध्ये रँडल कॉब, 2014 मध्ये डावांटे ॲडम्स हे सगळे त्यांनी दुसऱ्या फेरीत घेतले आणि सगळे नावारूपाला आले. भाकीत करणारे संघाची गरज पाहत होते, संघ मात्र त्या गरजेची किंमत पाहत होता.

याच संघाच्या दोन निवडी आणखी शिकवतात. 2005 मध्ये ॲरन रॉजर्स हा क्वार्टरबॅक पहिल्या क्रमांकावर जाईल, अशी चर्चा होती. क्वार्टरबॅक म्हणजे मैदानावरचा सूत्रधार, चेंडू त्याच्या हातून निघतो. न्यूयॉर्कच्या सभागृहात तो तासन् तास बसून राहिला आणि एकेक संघ दुसऱ्याचे नाव घेत गेला. पॅकर्सकडे तेव्हा ब्रेट फार्व्ह हा नामांकित क्वार्टरबॅक खेळत होता. गरज पाहणाऱ्याने पॅकर्सचे नाव रॉजर्सशी जोडले नसते. पण 24 व्या पाळीला जनरल मॅनेजर टेड थॉम्पसन यांनी त्यालाच घेतले. तीन वर्षे तो राखीव बसला, 2008 मध्ये त्याच्याकडे संघ आला आणि फेब्रुवारी 2011 मध्ये त्याने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला.

पंधरा वर्षांनी तेच घडले, फक्त या वेळी फार्व्हच्या जागी रॉजर्स होता. 2020 च्या ड्राफ्टआधीच्या हंगामात पॅकर्स 13 सामने जिंकून उपान्त्य टप्प्यापर्यंत पोचले होते. रॉजर्सच्या जोडीला रिसीव्हर मिळेल असे सगळे धरून चालले होते आणि त्या वर्षी चांगले रिसीव्हर भरपूर होते. जनरल मॅनेजर ब्रायन गुटेकन्स्ट यांनी आपली 30 वी पाळी आणि चौथ्या फेरीतली एक पाळी देऊन 26 वी पाळी मिळवली आणि जॉर्डन लव्ह हा क्वार्टरबॅक घेतला. सातही फेऱ्यांत एकही रिसीव्हर घेतला नाही. टीकेची झोड उठली. पुढे काय झाले? 2020 आणि 2021 या दोन्ही हंगामांत रॉजर्स लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, आणि 2023 मध्ये संघाची सूत्रे हाती आल्यावर लव्हने पहिल्याच वर्षी संघाला बाद फेरीत नेऊन डल्लसच्या संघाला त्याच्याच मैदानावर हरवले. ज्यांनी संघाच्या फक्त रिकाम्या जागा मोजल्या त्यांना 2005 समजले नाही आणि 2020 ही समजले नाही. ज्यांनी या संघाच्या कारभाऱ्यांची परंपरा पाहिली त्यांच्या लक्षात आले असते की, इथे पुढच्या हंगामासाठी नव्हे तर त्यानंतरच्या पाच हंगामांसाठी निवड होते. थॉम्पसन आणि गुटेकन्स्ट हे दोघेही रॉन वुल्फ या जुन्या जनरल मॅनेजरच्या हाताखाली तयार झालेले, आणि चांगला क्वार्टरबॅक दिसला की घेऊन ठेवावा, ही वुल्फ यांची शिकवण. निवड करणाऱ्या माणसांची घडण पाहिल्याशिवाय संघाचे भाकीत होत नाही.

आणि तरीही सवय म्हणजे नियम नव्हे. 2025 चा ड्राफ्ट ग्रीन बे शहरातच भरला. त्या रात्री आपल्या घरच्या प्रेक्षकांसमोर पॅकर्सनी 23 व्या पाळीला मॅथ्यू गोल्डन हा रिसीव्हर घेतला, 2002 नंतर प्रथमच पहिल्या फेरीत. ‘पॅकर्स पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतच नाहीत’ असे छातीठोक सांगणारा त्या रात्री चुकला. ‘शंभरात पंधरा शक्यता’ असे सांगणारा चुकला असे म्हणता येत नाही. या फरकाकडे मी पुन्हा येणार आहे.

यात आणखी एक अडचण आहे. हवामानाचा अंदाज सांगणाऱ्यापासून ढग काही लपवत नाहीत. इथे मात्र ज्यांच्याविषयी भाकीत करायचे ते संघ मुद्दाम हुलकावण्या देतात. नको असलेल्या खेळाडूला भेटीला बोलावतात, हव्या असलेल्याविषयी मौन पाळतात. 2023 मध्ये विल लेव्हिस या क्वार्टरबॅकविषयी इंटरनेटवर एक निनावी अफवा पसरली की, तो पहिल्या क्रमांकावर जाणार. पैजांचे भाव एका दिवसात बदलले. प्रत्यक्षात पहिला गेला ब्राइस यंग, लेव्हिस पहिल्या फेरीत निवडलाच गेला नाही आणि 33 व्या पाळीला गेला. 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अमेरिकेतल्या अनेक राज्यांत खेळांवरच्या पैजा कायदेशीर झाल्या आहेत, त्यामुळे अशा अफवेमागे कोणाचा तरी खिसा असण्याची शक्यताही वाढली आहे. भाकीत ऐकणाऱ्याने म्हणून पहिला प्रश्न विचारावा तो हा की, हे सांगण्यात सांगणाऱ्याचे काय आहे?

आणि एका चुकीवर चूक चढत जाते, तेही लक्षात घ्या. समजा एखादा जाणकार प्रत्येक निवड शंभरात सत्तर वेळा बरोबर सांगतो. ही फार मोठी करामत झाली. तरीही ओळीने दहा निवडी अचूक सांगण्याची त्याची शक्यता शंभरात तीनहूनही कमी राहते. त्यात एक संघ अनपेक्षित वागला की त्याच्या नावावर धरलेला खेळाडू मागे घसरतो, मागच्या संघाचा बेत बदलतो आणि सबंध यादी सरकते. 2025 मध्ये शेड्यूर सँडर्स हा क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत जाईल असे अनेक नामवंतांनी लिहिले होते. तो पाचव्या फेरीत, 144 व्या क्रमांकावर गेला. म्हणून पहिल्या फेरीची सबंध यादी चुकणे हे अज्ञानाचे लक्षण नव्हे. ती अचूक येईल असा दावा करणे हेच अज्ञानाचे लक्षण आहे.

आता दुसऱ्या प्रकारच्या भाकिताकडे वळू: माणूस कसा निघेल? इथे संघांनी अपार कष्ट घेतले आहेत. दरवर्षी इंडियानापोलिसला कम्बाइन भरते. तिथे तीनशेच्या आसपास खेळाडू 40 यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर धावतात, 225 पौंडांचे, म्हणजे सुमारे 102 किलोंचे वजन छातीवरून किती वेळा उचलता येते ते दाखवतात, उंच आणि लांब उड्या मारतात. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजमाप होते.

या मोजमापाच्या इतिहासात आपल्या देशातल्या एका माणसाचे नाव आहे, ते इथे सांगायलाच हवे. डल्लस काउबॉईज हा संघ 1960 मध्ये उभा राहिला. त्याचे जनरल मॅनेजर टेक्स श्रॅम यांना वाटू लागले की, खेळाडूंच्या निवडीत संगणकाचा उपयोग व्हावा. आयबीएमच्या एका उपकंपनीतले सलाम कुरेशी यांच्याकडे हे काम आले. ते अलीगढला संख्याशास्त्र शिकलेले, क्रिकेट जाणणारे आणि अमेरिकन फुटबॉलचा गंधही नसलेले. त्यांनी पाहिले की, अडचण गणिताची नाही. एक प्रशिक्षक ज्याला चपळ म्हणतो त्याला दुसरा नुसता वेगवान म्हणतो. प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी. म्हणून आधी सगळ्यांचे शब्द एका अर्थावर आणले, शेकडो गुणांमधून स्वभाव, चपळाई व शरीरावरचा ताबा, जिद्द, तल्लखपणा आणि ताकद असे पाच गुण उरवले, आणि स्काउटांना, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांना, त्यांवर अंक द्यायला लावले. पुढची दोन दशके काउबॉईज हा लीगमधल्या सर्वांत यशस्वी संघांपैकी एक होता. आज सर्वच संघांकडे आकडेतज्ज्ञांचे विभाग आहेत. त्या परंपरेच्या सुरुवातीला अलीगढचा एक संख्याशास्त्रज्ञ उभा आहे. खेळ ठाऊक नसलेल्या माणसाने खेळ जाणणाऱ्यांना विचारले की, तुम्ही नेमके काय म्हणता आहात? त्या प्रश्नाचे मोल मला संगणकापेक्षाही मोठे वाटते.

पण मोजमाप कोणाचे करायचे, हे मोजमाप सांगत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांकडे त्या काळी बरेच संघ दुर्लक्ष करीत. ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे पत्रकार बिल नन वर्षानुवर्षे त्या महाविद्यालयांतल्या उत्तम खेळाडूंचा संघ निवडून छापत असत. पिट्सबर्ग स्टीलर्सने 1960 च्या दशकाअखेरीस त्यांना स्काउट म्हणून घेतले. अलाबामा ए अँड एम या महाविद्यालयात जॉन स्टॉलवर्थ ओल्या मैदानावर धावला आणि वेळ साधारण आली. बाकीचे स्काउट निघून गेले. नन मागे राहिले, दुसऱ्या दिवशी चांगल्या जागेवर त्याला पुन्हा धावायला सांगितले, आणि वेळ सुधारली. 1974 च्या ड्राफ्टमध्ये स्टीलर्सनी चौथ्या फेरीत त्याला घेतले. त्याच ड्राफ्टमधले लिन स्वान, जॅक लँबर्ट, माइक वेब्स्टर आणि स्टॉलवर्थ हे चौघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या दिग्गजांच्या सन्मानयादीत, गेले. डॉनी शेल हा साउथ कॅरोलायना स्टेटचा खेळाडू तर कुणीच निवडला नव्हता, त्याला स्टीलर्सनी ड्राफ्टनंतर घेतले, आणि तोही तिथे पोचला. सहा हंगामांत चार सुपर बोल त्या संघाने जिंकले. नन यांच्याकडे इतरांपेक्षा चांगले घड्याळ नव्हते. इतर जिथे पाहत नव्हते तिथे ते आयुष्यभर पाहत आले होते.

एवढे करूनही माणसाचे भाकीत किती खरे ठरते? अर्थशास्त्रज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. 2005 मध्ये त्यांचा निबंध पुढे आला आणि 2013 मध्ये तो ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात छापला गेला. एकाच जागेवर खेळणारे, ड्राफ्टमध्ये एकामागोमाग निवडलेले दोन खेळाडू घ्या. आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता त्यांना सुमारे 52 टक्के आढळली. म्हणजे नाणे उडवण्याहून किंचित बरी. आणि तरीही संघ त्या पुढच्या पाळीसाठी प्रचंड किंमत मोजतात, कारण आपली पारख इतरांहून खोल आहे असे प्रत्येकाला वाटते.

ही किंमत किती असू शकते ते सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाच्या एका प्रकरणात दिसते. मार्च 2021 मध्ये या संघाने 12 व्या पाळीवरून तिसऱ्या पाळीवर येण्यासाठी पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पाळ्याही देऊन टाकल्या. महिनाभर अनेक जाणकार सांगत राहिले की, हा सौदा मॅक जोन्स या क्वार्टरबॅकसाठी आहे. संघाने घेतले ट्रे लान्सला. जाणकारांचे भाकीत त्या रात्रीच पडले. पण संघाचे भाकीतही टिकले नाही. लान्सला सूर सापडण्याआधीच 2022 मध्ये दुसऱ्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला आणि 2023 मध्ये चौथ्या फेरीतल्या एका पाळीच्या बदल्यात तो डल्लसला गेला. दरम्यान 2022 च्या ड्राफ्टमध्ये याच संघाने अगदी शेवटची, 262 वी निवड म्हणून आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी घेतला होता. पुढचे दोघे दुखापतीने बाहेर गेल्यावर त्याची पाळी आली. फेब्रुवारी 2024 मध्ये तो सुपर बोलमध्ये संघाचा क्वार्टरबॅक म्हणून उतरला. सामना 22–25 असा गेला खरा, पण सर्वांत महाग निवड आणि शेवटची निवड यांच्यात कोणी संघ तिथवर नेला, ते सगळ्यांनी पाहिले. तीच माणसे, तेच स्काउट, तीच माहिती. एकदा त्यांचे चुकले, एकदा त्यांना लाभले.

टॉम ब्रेडीचे उदाहरण आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. 2000 साली 198 जण निवडून झाल्यावर त्याचे नाव आले आणि पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या दूरदृष्टीचे कौतुक या निमित्ताने होते. पण त्याचे मोल खरोखर ओळखले असते तर त्यांनी सहाव्या फेरीपर्यंत वाट पाहिली असती का? त्यांचे मोठेपण वेगळे आहे. निवडून आणल्यावर त्यांनी त्याचा क्रमांक विसरून त्याचा खेळ पाहिला.

मग शहाणा संघ काय करतो? आपल्याला नेमके कळत नाही, हे तो मान्य करतो आणि कारभार त्याप्रमाणे आखतो. एका चमकत्या नावासाठी सगळ्या पाळ्या उधळण्यापेक्षा जास्त पाळ्या गोळा करतो, कारण चार जणांमधून एक निघण्याची आशा एकावर सर्वस्व लावण्यापेक्षा पक्की असते. 1989 मध्ये डल्लसने हर्शेल वॉकर हा आपला सर्वांत मोठा खेळाडू मिनेसोटाला दिला आणि बदल्यात पाळ्यांचा ढीग घेतला. त्या वर्षी संघ 16 पैकी एकच सामना जिंकला होता. त्याच पाळ्यांच्या उलाढालीतून एमिट स्मिथसारखे खेळाडू आले आणि 1992 ते 1995 या चार हंगामांत संघाने तीन सुपर बोल जिंकले.

आपल्या घरचा दाखला हवा असेल तर 2008 चा घ्या. आयपीएलच्या पहिल्या वर्षी 19 वर्षांखालील विश्वविजेत्या संघातले खेळाडू लिलावाने नव्हे, ड्राफ्टने वाटले गेले. दिल्लीच्या संघाने आपल्याच शहरातल्या विराट कोहलीऐवजी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला. कोहली बंगळूरकडे गेला. आज या निर्णयाला नावे ठेवणे सोपे आहे. पण दिल्लीकडे सेहवाग, गंभीर, डिव्हिलियर्स असे फलंदाज होते, गोलंदाजाची गरज होती. त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. निकाल पाहून निर्णयाची किंमत ठरवू नये. निर्णय घेताना काय ठाऊक होते आणि त्यावर कसा विचार झाला, ते पाहावे.

तेव्हा भाकिताचा हिशेब कसा ठेवायचा? अमेरिकेच्या हवामान खात्यातले ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्ये एक साधी रीत सांगितली. ‘होईल’ किंवा ‘होणार नाही’ असे न म्हणता शंभरात किती शक्यता ते लिहा. घडल्यावर फरकाचा वर्ग करा. सत्तर टक्के म्हणालात आणि घडले, तर दंड 0.09. सत्तर म्हणालात आणि घडले नाही, तर 0.49. शंभर टक्के म्हणालात आणि घडले नाही, तर पूर्ण 1. वर्षभराची सरासरी काढा. ज्याचा दंड कमी, तो खरा जाणकार. या रीतीत छातीठोकपणा महागात पडतो आणि प्रामाणिकपणा फायद्याचा ठरतो. पॅकर्सविषयी ‘शंभरात पंधरा’ म्हणणारा आणि ‘कधीच नाही’ म्हणणारा यांच्यातला फरक इथे आकड्यात दिसतो. ड्राफ्टचे मोठेपण मला इथे दिसते की, त्याच्या भाकितांना मुदत असते, ती लेखी असतात आणि उत्तर सगळ्यांसमोर येते. आपल्याकडे निवडणुकीचे, पावसाचे, बाजाराचे, परीक्षेच्या निकालांचे किती भाकीतकार हे तिन्ही निकष पाळतात?

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याच्याविषयी हे सगळे बोलले जाते तो एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा असतो. त्याची उंची, तळहाताची लांबी, धावण्याची वेळ, घरची परिस्थिती, स्वभाव, सगळे चव्हाट्यावर येते. तो खाली घसरला की कॅमेरा त्याच्या आईच्या चेहऱ्यावर जातो. क्रमांकाबरोबर पैसाही ठरतो. 2010 मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा 7.8 कोटी डॉलरचा करार मिळाला. 2011 मध्ये नवी करारपद्धत आल्यावर त्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे 2.2 कोटी मिळाले. म्हणजे त्या क्रमांकाची किंमतही नियम बदलताच एका वर्षात पडली. आणि तरी लोक तो क्रमांक त्या माणसाच्या कपाळावर आयुष्यभर लिहून ठेवतात. लान्स वाईट माणूस ठरत नाही, पर्डी चमत्कार ठरत नाही. एकाची संधी मोडक्या घोट्यामुळे हुकली, दुसऱ्याला ती इतरांच्या दुखापतींमुळे मिळाली. दोघांनीही मेहनत केली होती.

आपणही मुलांना क्रमांक देणारा समाज आहोत. दहावीच्या टक्क्यांवरून, प्रवेशपरीक्षेच्या गुणांवरून आपण सतराव्या वर्षी भाकीत करतो आणि ते निकाल असल्यासारखे वागतो. ज्या खेळात कोट्यवधी डॉलर, शेकडो स्काउट आणि संगणक लावूनही लागोपाठ निवडलेल्या दोघांतला सरस कोण हे नाण्याहून थोडेच बरे सांगता येते, त्या खेळाकडून आपण एवढे तरी शिकावे.

म्हणून श्रोतेहो, माझ्या आपल्याला तीन विनवण्या आहेत. भाकीत कराल तेव्हा शक्यतेचा आकडा लिहा आणि तारीख घाला. दुसऱ्याचे भाकीत ऐकाल तेव्हा त्याचा मागचा हिशेब मागा. आणि तुमच्या शाळेत, कचेरीत, घरात कोणाची निवड करायची वेळ आली, तर निवडून झाल्यावर त्याचा क्रमांक विसरा आणि त्याचे काम पाहा. ज्याला तुम्ही शेवटचा घेतलात, त्यालाही मैदानावर उतरण्याची संधी द्या.